भिंतीआडची रेंज

मुंबईतल्या माझगावात इमारतींच्या तीन पिढ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. म्हातारपाखाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची एक-दोन मजली घरं आहेत. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून नेस्बिट रोडपर्यंत जाड भिंतींच्या, लांब व्हरांड्यांच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत. त्यांतल्या काहींच्या जागी आता उंच टॉवर येत आहेत. तिन्हींकडे मोबाइल कंपन्या त्याच आणि आजूबाजूच्या गच्च्यांवरचे अँटेनाही तेच, तरी रेंजची तक्रार प्रत्येक ठिकाणी निराळी असते. जुन्या इमारतीत व्हरांड्यात बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि मागच्या खोलीत कॉल तुटतो. टॉवरमध्ये बाल्कनीत ५जी मिळतं, बेडरूममध्ये ४जीसुद्धा अडखळतं आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये यूपीआयचं चक्र फिरतच राहतं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो सिम बदलण्याचा. तो कधी कधी लागूही पडतो. पण इमारतीच्या आतली रेंज बऱ्याच अंशी इमारतच ठरवते, आणि तेही बांधकाम सुरू होण्याआधी. भिंत कशाची, काच कोणती, केबलसाठी वाट ठेवली की नाही, कंपन्यांच्या यंत्रांसाठी खोली आहे की नाही, हे नकाशावर आणि करारनाम्यात ठरतं. तिथं रहिवासी हजर असतो, पण या विषयाचे शब्द त्याच्याजवळ नसतात. ‘वायफाय एनेबल्ड’, ‘फायबर रेडी’, ‘५जी रेडी’ ही माहितीपत्रकातली विशेषणं तो वाचतो आणि सही करतो. डीबीएम, आयबीएस, डास, न्यूट्रल होस्ट, मेश, बॅकहॉल या शब्दांमागे नेमकं काय आहे आणि कोणत्या शब्दावर कुठला प्रश्न विचारायचा, याचा हा आढावा.

भिंत किती गिळते

मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या बँडमधून येतात. भारतात त्या साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून २६ गिगाहर्ट्झपर्यंत आहेत. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची असते, १८०० ची सुमारे १७ आणि ५जीसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झची साधारण साडेआठ. ढोबळ नियम असा की बँड जितका खालचा तितकी लहर लांब जाते आणि भिंतीआड जास्त पोचते. बँड जितका वरचा तितकी डेटा वाहून नेण्याची जागा मोठी, पण पोच कमी. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा बँड एकट्या जिओनं घेतला, तो याच हिशेबानं. म्हणून ‘माझ्या फोनवर ५जी दिसतंय’ एवढ्यानं काही कळत नाही. ते कोणत्या बँडवरचं आहे, यावर आतल्या खोलीचं भवितव्य ठरतं.

भिंत किती सिग्नल खाते याचा ठोकताळा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं पी.२१०९ या शिफारशीत दिला आहे. त्यात इमारतींचे दोन वर्ग आहेत: पारंपरिक, आणि उष्णता अडवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या काचा व तत्सम साहित्य वापरलेल्या. १ गिगाहर्ट्झच्या आसपास पारंपरिक इमारतीत शिरताना होणारी घट मध्यम हिशेबानं सुमारे १३ डेसिबल, म्हणजे बाहेरच्या शक्तीचा विसावा भाग आत येतो. दुसऱ्या वर्गात ही घट सुमारे २८ डेसिबल होते, म्हणजे साडेसहाशेतला एक भाग उरतो. २६ गिगाहर्ट्झवर त्याच इमारतीत ती ४० डेसिबलच्या पुढे जाते, म्हणजे दहा हजारातला एक भागही आत येत नाही.

उन्हाची तिरीप अडवून एसीचं बिल कमी करणारी चकचकीत काच रेंजही अडवते. तिच्यावरचा धातूचा अदृश्य थर उष्णतेच्या किरणांना परतवतो, तसाच मोबाइलच्या लहरींनाही. काचेचा दर्शनी भाग असलेली व्यापारी इमारत बाहेरून कितीही मोकळी वाटली, तरी रेंजच्या दृष्टीनं ती बंदिस्त असते.

जुन्या इमारतींचं गणित वेगळं आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, ‘अ’ वर्गातल्या उपकरप्राप्त इमारतींमध्ये दगड-विटांच्या जाड भिंती सिग्नल अडवतात, पण सागवानी तुळयांचे आणि फळ्यांचे मजले त्याला बऱ्यापैकी वाट देतात. शिवाय व्हरांड्याकडची दारं-खिडक्या दिवसभर उघडी असतात. त्यामुळे रेंज दर्शनी भागातून शिरते आणि खोल्यांमागून खोल्या जाताना विझत जाते. अशा घरात फोन कुठं ठेवायचा याची जागा घरच्यांना न सांगता ठाऊक असते.

नव्या टॉवरमध्ये मुंबईत सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे मिवान. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. त्यामुळे बाहेरच्याच नव्हे, तर घरातल्या खोल्यांमधल्या बहुतेक भिंतीही सळयांच्या जाळीसकट काँक्रीटच्या असतात. विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीतून आरामात जाणारा वायफाय या भिंतींपुढे हात टेकतो. बाहेरच्या सिग्नलला बेडरूमपर्यंत पोचायला अशा दोन-तीन भिंती ओलांडाव्या लागतात.

यावर उपाय म्हणून कमकुवत भिंती मागणं कुणालाच परवडणारं नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळली आणि ६१ जणांचा बळी गेला, तो दिवस माझगाव विसरलेलं नाही. भिंत भक्कमच हवी. मग त्या भिंतीच्या आत सिग्नल आणण्याची सोयही तितक्याच गांभीर्यानं करावी लागेल.

दांड्यांमागचे आकडे

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या हे मोजमाप नव्हे. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे शेजारी ठेवलेले दोन फोन एकाच नेटवर्कवर वेगवेगळ्या दांड्या दाखवू शकतात. खरं माप डीबीएममध्ये असतं. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. फोनपर्यंत पोचणारा सिग्नल याहून कितीतरी क्षीण असल्यानं आकडा नेहमी उणे असतो. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग, आणि एवढ्यावर फोन व्यवस्थित चालतो. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट आणि तीनचा फरक म्हणजे दुप्पट. व्हरांड्यात उणे ८५ असेल आणि मागच्या खोलीत उणे १०५, तर मागच्या खोलीत सिग्नल शंभरपट कमी आहे.

हा आकडा पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटसखाली ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ दिसते. आयफोनवर स्टार ३००१ हॅश १२३४५ हॅश स्टार डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. ४जी-५जीमध्ये तिथला आरएसआरपी हा आकडा बघायचा. उणे ८० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास असेल तर कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटू लागतात. घरातल्या प्रत्येक खोलीत, जिन्यात, लिफ्टसमोर आणि पार्किंगमध्ये हा आकडा टिपला तर सोसायटीच्या सभेत ‘रेंज नाही’ या ओरड्याऐवजी एक नकाशा मांडता येतो. कंपनीकडे किंवा बिल्डरकडे जाताना असा कागद हातात असला की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

दुसरा आकडा एसआयएनआर. सिग्नल किती जोरात येतो हे आरएसआरपी सांगतो. तो आजूबाजूच्या गोंगाटातून किती वेगळा ऐकू येतो हे एसआयएनआर सांगतो. वीसच्या वर असेल तर छान, शून्याच्या खाली असेल तर सिग्नल असून उपयोग नाही.

उंच मजल्यांचं दुखणं नेमकं इथं आहे. मोबाइल टॉवरचे अँटेना रस्त्याकडे आणि खालच्या वस्तीकडे झुकवलेले असतात. पस्तिसाव्या मजल्यावरच्या घराला जवळच्या अँटेनाचा मुख्य झोत मिळत नाही. उलट मध्ये काही आडवं नसल्यानं दूरदूरच्या अनेक टॉवरचे सिग्नल एकाच वेळी मिळतात. माझगावच्या पूर्वेला तर बंदराचं मोकळं पाणी आहे. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात, पण फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो, कॉल तुटतो आणि इंटरनेट रखडतं. वरच्या मजल्याला सिग्नल जास्त लागतो असं नाही, त्याला स्वच्छ सिग्नल लागतो. तो बाहेरून मिळणं अवघड असल्यानं आतूनच द्यावा लागतो.

आयबीएस आणि त्याची भावंडं

इमारतीच्या आत मोबाइलचा सिग्नल पुरवण्याच्या व्यवस्थेला भारतातल्या दूरसंचार व्यवसायात सरसकट आयबीएस म्हणतात, म्हणजे इन-बिल्डिंग सोल्यूशन. हे एका यंत्राचं नाव नाही, कुटुंबाचं आडनाव आहे.

त्यातला सर्वांत जुना सदस्य म्हणजे पॅसिव्ह डास. डास म्हणजे विखुरलेल्या अँटेनांची व्यवस्था. तळघरातल्या टेलिकॉम रूममध्ये कंपनीचा रेडिओ बसवतात. त्यातून साधारण ४३ डीबीएम, म्हणजे २० वॉट शक्ती बाहेर पडते. एकाहून जास्त कंपन्या असतील तर त्यांचे सिग्नल एकत्र करणारी पेटी असते. तिथून जाड कोॲक्सिअल केबल शाफ्टमधून वर चढते. प्रत्येक मजल्यावर कपलर थोडा सिग्नल काढून घेतो, स्प्लिटर तो वाटतो आणि शेवटी छताला बशीएवढा पांढरा अँटेना बसतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या एकाच पाइपवर प्रत्येक मजल्याची तोटी बसवावी तसा हा प्रकार आहे. टाकीपासून लांबच्या तोटीला दाब कमी पडू नये, हे सगळं कौशल्य आराखडा करणाऱ्याचं. दोन भागांत वाटणारा प्रत्येक स्प्लिटर निम्मी शक्ती घेतो आणि केबलही मीटरामागे मीटर खात जाते. छतावरच्या अँटेनापर्यंत १० ते १५ डीबीएम उरतात, म्हणजे १० ते ३० मिलिवॉट.

छताला अँटेना बसवायचा म्हटलं की सोसायटीत पहिला आक्षेप किरणोत्साराचा येतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या कानाला लावलेला ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉट शक्तीनं बोलू शकतो, आणि सिग्नल जितका क्षीण तितका तो या कमाल मर्यादेकडे सरकतो. त्यात बॅटरीही झपाट्यानं संपते. जवळ अँटेना असेल तर फोन आपला आवाज कमी करतो. म्हणजे आतल्या कमी शक्तीच्या अँटेनामुळे डोक्याजवळची शक्ती घटते. मोबाइल टॉवरच्या बाबतीत भारतानं सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. टॉवर नियमात बसतो की नाही हे पाहण्यासाठी २०१७ पासून ‘तरंग संचार’ हे सरकारी पोर्टल आहे. शंका असेल तर तिथं विचारावं. अफवेवरून अँटेना हटवण्यात सोसायटीचंच नुकसान आहे.

पॅसिव्ह डासची मर्यादा अशी की त्यातले जुने कपलर, स्प्लिटर आणि अँटेना बहुधा २७०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात. ३.५ गिगाहर्ट्झचं ५जी त्यांतून नीट जात नाही. म्हणून ‘इमारतीत आयबीएस आहे’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा: किती मेगाहर्ट्झपर्यंतचं, आणि कोणत्या कोणत्या कंपन्या त्यावर आहेत? एका कंपनीचं, ४जीपुरतं आयबीएस असलेली इमारत ‘५जी रेडी’ नसते.

मोठ्या इमारतींसाठी ॲक्टिव्ह डास असतं. त्यात तळघरातून मजल्यापर्यंत सिग्नल ऑप्टिकल फायबरनं जातो आणि मजल्यावरचं छोटं यंत्र त्याचं पुन्हा रेडिओ सिग्नलमध्ये रूपांतर करून शक्ती वाढवतं. अंतराची घट जवळजवळ नाहीशी होते, पण खर्च वाढतो आणि मजल्यामजल्यावर वीज लागते. स्मॉल सेल हा आणखी वेगळा प्रकार. तो स्वतःच एक छोटा मोबाइल टॉवर असतो. आकार आणि पोच यांनुसार त्याला फेम्टो किंवा पिको म्हणतात. एखादं दुकान, बँकेची शाखा किंवा दवाखाना यांना हा सोयीचा. बोगद्यात किंवा लांबलचक तळघरात लीकी केबल वापरतात. या केबलच्या वेष्टनाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात आणि तिच्यातून वाटेत सगळीकडे सिग्नल झिरपत राहतो.

बाजारात स्वस्तात मिळणारा ‘मोबाइल बूस्टर’ या कुटुंबात मोडत नाही. परवान्याविना तो बसवणं बेकायदा आहे, आणि मनाईमागचं कारणही खरं आहे. बूस्टर बाहेरचा सिग्नल जसा वाढवतो तसा टॉवरकडे जाणारा गोंगाटही वाढवतो. त्या गोंगाटात आजूबाजूच्या शेकडो फोनचा आवाज टॉवरला ऐकू येईनासा होतो. एका दुकानाची रेंज सुधारते आणि अख्ख्या गल्लीची बिघडते. परवानाधारक कंपनीनं स्वतः लावलेला रिपीटर वेगळा. तो तिच्या नेटवर्कचा भाग असतो आणि तिच्या देखरेखीखाली चालतो.

वायफाय ही निराळी वाट

‘वायफाय आहे म्हणजे रेंज आहे’ हा समज बिल्डरांच्या माहितीपत्रकांनी पक्का केला आहे. प्रत्यक्षात वायफाय ही स्वतंत्र व्यवस्था आहे. मोबाइलचे बँड कंपन्या लिलावात विकत घेतात, वायफायचे बँड सगळ्यांना मोकळे असतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा निघाला.

मोकळा बँड म्हणजे गर्दीही. एका जुन्या इमारतीच्या मजल्यावर फोनमधली वायफायची यादी उघडली तर पंधरा-वीस नावं दिसतात. या नावाला एसएसआयडी म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडवणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस राउटर या तीन चॅनेलवर दाटीवाटीनं बोलतात, तेव्हा २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही हाती त्याचा थोडाच भाग लागतो. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वापरावा. तो जाड भिंत फारशी ओलांडत नाही, आणि दाटीच्या वस्तीत हीच त्याची जमेची बाजू ठरते, कारण शेजाऱ्याचा सिग्नलही आपल्याकडे फारसा येत नाही.

मिवानच्या घरात प्रश्न उलटा होतो. दिवाणखान्यातल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या बेडरूमपर्यंत जात नाही. दुकानदार एक्स्टेंडर देतो. एक्स्टेंडर आलेला क्षीण सिग्नलच पुढे पाठवतो आणि बहुधा वेग निम्मा करतो. मेश ही त्यापुढची पायरी: दोन-तीन यंत्रं एकाच एसएसआयडीखाली मिळून चालतात. पण त्यांच्यातली आपापसांतली जोडणीही बिनतारी असेल तर काँक्रीटची भिंत तिच्याही आड येतेच. पक्का उपाय म्हणजे प्रत्येक खोलीत तारेनं जोडलेला ॲक्सेस पॉइंट, आणि त्यासाठी भिंतीतून कॅट ६ ही लॅन केबल. मिवानच्या बांधकामात सळयांची जाळी बांधली की इलेक्ट्रिशियन पीव्हीसी पाइप त्या जाळीला तारेनं बांधून घेतो. मग साचे बंद होतात आणि काँक्रीट पडतं. त्या क्षणी जिथं पाइप आहे तिथून केबल जाईल, जिथं नाही तिथून पुन्हा कधी जाणार नाही, कारण भार पेलणाऱ्या या भिंतींना नंतर झिऱ्या मारता येत नाहीत. पाइपवर होणारा खर्च घराच्या किमतीत दिसणारही नाही इतका छोटा असतो. नंतर तीच सोय करायला केबल भिंतीवरून पट्टीत फिरवावी लागते.

वायफायच्या पिढ्यांना ४, ५, ६, ७ असे क्रमांक आहेत. ही नावं २०१८ पासून रुळली. नवी पिढी जास्त उपकरणं एकत्र सांभाळते, भिंत मात्र तिच्यासाठी पातळ होत नाही.

मोबाइल आणि वायफाय यांच्या मधला पूल म्हणजे वायफाय कॉलिंग, व्हीओवायफाय. एअरटेलनं ते डिसेंबर २०१९ पासून आणि जिओनं जानेवारी २०२० पासून आणायला सुरुवात केली. फोनच्या सेटिंगमध्ये ते सुरू केलं की रेंज नसलेल्या खोलीतूनही नेहमीच्या नंबरवरून कॉल लागतो. जाड भिंतींच्या जुन्या घरासाठी आज यापेक्षा स्वस्त औषध नाही. मर्यादा इतकीच की वीज गेली आणि राउटर बंद पडला की हे कॉलिंगही थांबतं.

फायबर कुठपर्यंत येतं

आतली बिनतारी जोडणी कितीही चांगली असली तरी तिच्यामागे बाहेरच्या जगाशी जोडणारी तार लागतेच. तिला बॅकहॉल म्हणतात. मुंबईत एके काळी ही तार म्हणजे एमटीएनएलची तांब्याची जोडी. आता ती काचेची आहे. पण ‘फायबर’ या शब्दाला अनेक मुक्काम आहेत. फायबर घरापर्यंत आलं तर एफटीटीएच. इमारतीपर्यंत येऊन पुढं लॅन केबलनं वाटलं तर ते फायबर टू द बिल्डिंग. घरापर्यंत आलेल्या फायबरच्या टोकाला ओएनटी ही पेटी असते. ती प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करते आणि राउटर तिच्यापुढं लागतो. बहुतेक ठिकाणी एकच फायबर स्प्लिटरनं ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं असतं. संध्याकाळी वेग उतरतो त्याचं एक कारण हे असू शकतं.

जिथं फायबर नेणं अवघड आहे तिथं २०२३ पासून एअरफायबर आलं. यात बाहेर किंवा खिडकीशी बसवलेलं यंत्र ५जीचा सिग्नल पकडतं आणि आत वायफाय देतं. जुन्या इमारतीत भिंतीला भोकं न पाडता जोडणी मिळते, पण सिग्नल बाहेरून चांगला येणं ही त्याची अट आहे.

इथं आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे: एकाधिकार. काही संकुलांत एकाच कंपनीशी करार होतो आणि बाकीच्यांना शाफ्टमध्ये केबल टाकू दिली जात नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २० जानेवारी २०१७ च्या शिफारशींत हा प्रश्न घेतला आणि इमारतीत सर्व कंपन्यांना भेदभावाविना प्रवेश मिळावा अशी भूमिका मांडली. रहिवाशाच्या दृष्टीनं हा मुद्दा वेगाइतकाच मोलाचा आहे, कारण दुसरा पर्याय असला तरच तक्रारीला वजन येतं.

न्यूट्रल होस्ट आणि भुयारी मेट्रोचा धडा

चार कंपन्यांनी चार वेळा छत फोडून चार प्रकारचे अँटेना लावावेत हे कुठल्याच इमारतीला परवडणारं नाही. म्हणून न्यूट्रल होस्ट ही कल्पना आली. एक त्रयस्थ संस्था इमारतीत एकच व्यवस्था उभारते आणि सर्व मोबाइल कंपन्या भाडं देऊन तिच्यावर येतात. कागदावर हे सर्वांत शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात भाडं किती, ते कुणी ठरवायचं आणि कंपन्यांना स्वतःची यंत्रणा बसवण्याचा हक्क आहे की नाही, यावर सगळं अडतं.

मुंबईकरांनी हे कुलाबा–वांद्रे–सीप्झ या मेट्रो ३ मार्गावर अनुभवलं. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावरची २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं तो सुरू झाला. ९ ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव, काळबादेवीसह कफ परेडपर्यंत गाड्या धावू लागल्या. मात्र बोगद्यात शिरलं की फोन मुका होत असे. मेट्रो महामंडळानं भुयारातल्या जोडणीसाठी त्रयस्थ संस्था नेमली होती. दूरसंचार कंपन्यांना तिचे दर मान्य नव्हते आणि सार्वजनिक जागेत स्वतःची यंत्रणा उभारण्याचा हक्क, म्हणजे राइट ऑफ वे, त्या मागत होत्या. प्रवाशांना तिकीट काढता यावं म्हणून स्थानकांत मोफत वायफाय द्यावं लागलं. तंत्रज्ञान उपलब्ध होतं आणि केबलही टाकता येत होती. अडलं होतं ते कराराच्या अटींवर.

गृहनिर्माण संस्थांनी यातून शिकावं असं एकच आहे. न्यूट्रल होस्ट नेमताना दर कसे ठरणार, किती कंपन्या प्रत्यक्ष येणार आणि ठरलेल्या मुदतीत त्या आल्या नाहीत तर पुढं काय, हे आधी लिहून घ्यावं. माझगावच्या उंबरठ्यावर ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह या बोगद्याचं काम सुरू आहे. तिथंही हा प्रश्न उद्घाटनाआधी सुटायला हवा.

नियम कुठं पोचले आहेत

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत माहिती आणि दळणवळणाच्या सोयींचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्राच्या २०१६ च्या नमुना इमारत उपविधींना मार्च २०२२ मध्ये पुरवणी जोडून इमारतीतल्या सामाईक दूरसंचार सोयींची तरतूद करण्यात आली. नमुना उपविधी राज्यांनी आणि महापालिकांनी स्वीकारल्यावरच बंधनकारक होतात, हा मोठा पण.

यापुढचं पाऊल ट्रायनं टाकलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिफारशी आल्या आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी डिजिटल जोडणीनुसार मालमत्तांना मानांकन देणारे विनियम निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मूल्यमापनाची पुस्तिका आली. नोंदणीकृत संस्था इमारत तपासणार आणि तारे देणार. फायबरची सोय, मोबाइल नेटवर्कची उपलब्धता, आयबीएस आणि वायफायची व्यवस्था, ब्रॉडबँडचा वेग आणि वापरणाऱ्याचा अनुभव हे या मानांकनाचे निकष आहेत. मानांकन ऐच्छिक आहे, तरी ‘५जी रेडी’ या जाहिरातीतल्या विशेषणासमोर ठेवायला आता एक मोजपट्टी तयार झाली आहे. ट्रायच्या २०२४ च्याच सेवागुणवत्तेच्या विनियमांनी कंपन्यांना आपापले कव्हरेज नकाशे संकेतस्थळावर देणं भाग पाडलं. ते नकाशे रस्त्यावरची पोच दाखवतात, तुमच्या बेडरूमची नव्हे, हे लक्षात ठेवून ते पाहावेत.

एका बाबतीत मात्र आपण मागं आहोत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी माझगावच्या जीएसटी भवनाच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि हजारो कर्मचाऱ्यांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी जिन्यात, तळघरात आणि लिफ्टच्या दाराशी फोन लागणं आणि अग्निशमन दलाचा वॉकीटॉकी चालणं हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. अमेरिकेत बचाव पथकांच्या रेडिओसाठी इमारतीत पुरेसा सिग्नल असावा अशी अट अग्निसुरक्षेच्या संहितेतच आहे. मुंबईसारख्या उंच होत चाललेल्या शहरात स्प्रिंकलर आणि जिन्याच्या रुंदीइतक्याच काटेकोरपणे ही तपासणी व्हायला हवी.

करारनाम्यात काय हवं

मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींची संख्या मुळात एकोणीस हजारांच्या वर होती. त्यांतल्या हजारो इमारती अजून पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट, कॉर्पस, भाडं आणि पार्किंग यांवर रात्री जागतात. त्याच बैठकीत आणखी काही वाक्यं करारनाम्यात घालता येतील. तळघरात किंवा पोडियमवर सर्व कंपन्यांसाठी एक हवेशीर टेलिकॉम रूम, आणि तिला जनरेटरची वीज. विजेच्या शाफ्टपासून वेगळा, दार असलेला टेलिकॉम शाफ्ट. प्रत्येक घरात शाफ्टपासून दिवाणखान्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत रिकामे पाइप. आयबीएस असेल तर ते किमान दोन-तीन कंपन्यांसाठी आणि ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारं. कोणत्याही एका कंपनीला एकाधिकार नाही. आणि ताबा देण्याआधी खोली, जिना, लिफ्ट आणि पार्किंगमधल्या आरएसआरपीची लेखी मोजणी.

यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत साधा आहे: रिकामे पाइप. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी आलं. सत्तावीस वर्षांत चार पिढ्या झाल्या. माझगावात आज पाया घातलेली इमारत त्याच्या दुप्पट काळ उभी राहील आणि आज बसवलेलं कुठलंही यंत्र तोवर भंगारात गेलेलं असेल. म्हणून बिल्डरनं कोणतं यंत्र दिलं यापेक्षा पुढच्या प्रत्येक यंत्रासाठी वाट, जागा आणि वीज ठेवली का, हे तपासावं. या तीन गोष्टी काँक्रीट पडण्याआधी मागितल्या तर जवळजवळ फुकट मिळतात. ज्यांच्या इमारतीचा नकाशा आज मंजुरीसाठी जातो आहे, त्यांनी त्या येत्या सभेतच मागाव्यात.